लघवीवरील ताबा : लाज नव्हे, उपचार हवा

(१ ऑक्टोबर रोजी ज्येष्ठ नागरिक दिनानिमित्त पेडणे तालुक्यातील एका ग्रामपंचायतीच्या सभागृहात माहिती व प्रसिद्धी खात्यातील अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा काहींनी एकमेकांकडे पाहिले आणि मागच्या बाकांवर थोडे हसूही उमटले. त्याविषयी माझी तक्रार नाही. ज्या गोष्टी चारचौघांत बोलण्याची आपल्याकडे रीत नाही, त्या निघाल्या की माणूस प्रथम हसतो. मात्र ज्याच्या अंगावर हे दुखणे आलेले असते, तो हसत नाही. तो नकळत घराबाहेर पडणे कमी करतो आणि त्याचे कारण कोणालाही सांगत नाही.

१ ऑक्टोबर हा दिवस वृद्धांसाठी पाळावा, असे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९९० च्या डिसेंबरात ठरविले. तेव्हापासून दरवर्षी या दिवशी आपण ज्येष्ठांचा सत्कार करतो, शाल व श्रीफळ देतो, त्यांच्या अनुभवाचा गौरव करतो. हे सारे योग्यच आहे. परंतु त्या सत्काराला येण्याचे जे आजी-आजोबा टाळतात, ते का टाळतात याची चौकशी आपण सहसा करीत नाही. पुष्कळदा कारण एवढेच असते की, दोन तास एका जागी बसवेल की नाही आणि उठताना लुगडे अथवा धोतर ओले तर होणार नाही ना, याची त्यांना धास्ती वाटते. लघवीवर ताबा न राहणे या व्याधीविषयी आज मी बोलणार आहे.

मी डॉक्टर नाही. वाङ्मयाची पदवी घेऊन सरकारी खात्यात प्रसिद्धीचे काम करणारा माणूस आहे. म्हणून आज जे सांगणार आहे ते आपल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना आधी वाचून दाखविले आहे. आपल्या शंकांची उत्तरेही तेच देतील. तरीही हे भाषण मी का पत्करले, ते प्रथम सांगितले पाहिजे.

एका प्रश्नाची किंमत

माझी एक आत्या आहे. तिच्याच अनुमतीने मी ही हकिकत सांगत आहे. पौष महिन्यात गावात धालो सुरू झाले की मांडावर तिचा आवाज सर्वांत पुढे असे. दोन रांगांतून वाकत-उठत मध्यरात्रीपर्यंत खेळणारी ही बाई एका वर्षी मांडावर गेलीच नाही. दुसऱ्या वर्षीही गेली नाही. कोणी म्हणाले, सुनेशी बिनसले असेल. कोणी म्हणाले, गुडघे धरले असतील. आम्हीही तसेच समजून चाललो. मग तिने दशावतारी नाटकाला जाणे सोडले, लग्नकार्याला जाणे सोडले आणि दुपारी चारनंतर पाणी पिणेही सोडले.

शेवटी लघवीला जळजळ होऊन ताप भरला, तेव्हा तिला आरोग्य केंद्रात नेण्यात आले. तेथील परिचारिकेने नाव, वय लिहून घेतल्यावर सहज विचारले, "आजी, शिंकताना किंवा उठताना लघवी सुटते का?" आत्याच्या डोळ्यांत पाणी आले. हे दुखणे तिला अकरा वर्षे होते आणि या अकरा वर्षांत हा प्रश्न तिला कोणीही विचारला नव्हता. आम्ही विचारला नव्हता आणि तिनेही सांगितले नव्हते. कारण तिच्या आईलाही तसेच होत असे आणि हे बाईच्या जन्माबरोबर येते, अशी तिची समजूत होती.

ही समजूत चुकीची आहे. वय वाढले की हे दुखणे होण्याचा संभव वाढतो, हे खरे. पण ते वयाचा अटळ भाग नव्हे. पुष्कळांना ते पूर्ण बरे करता येते, उरलेल्यांपैकी बहुतेकांना ते इतके कमी करता येते की, नित्याच्या व्यवहारात अडचण राहत नाही.

बांध, मानस आणि पाणी

शरीरात काय घडते, हे समजून घेण्यासाठी आपल्या खाजन शेतीचेच उदाहरण घेऊ. बांधामागे पाणी साठते, मानशीची दारे ते अडवून धरतात आणि योग्य वेळी वाट करून देतात. मूत्राशय ही अशीच एक स्नायूंची पिशवी आहे. प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारण चारशे ते पाचशे मिलिलिटर लघवी मावते. निम्म्याहून थोडे कमी भरले की पहिली जाणीव होते. पिशवीच्या तोंडाशी आवळून धरणारे स्नायू असतात. ती आपली मानस होय. आणि या साऱ्याला खालून आधार देणारा स्नायूंचा एक पाळणा ओटीपोटाच्या तळाशी ताणलेला असतो. तो आपला बांध समजावा. मेंदूकडून निरोप येईपर्यंत पिशवी सैल राहते आणि मानस बंद राहते. निरोप आला की पिशवी आकुंचन पावते आणि मानस उघडते.

यांपैकी कोठे बिघाड झाला आहे, त्यावरून या व्याधीचे प्रकार पडतात. प्रकार ओळखणे महत्त्वाचे आहे, कारण एकाचे औषध दुसऱ्यास अपाय करू शकते.

पहिल्या प्रकारात बांध ढिला झालेला असतो. खोकला, शिंक, हसू आले, पाण्याची कळशी अथवा गवताचा भारा उचलला की पोटातील दाब वाढतो आणि लघवीचे थेंब सुटतात. बाळंतपणात या स्नायूंवर ताण येतो, पाळी गेल्यावर ते आणखी अशक्त होतात. स्त्रियांचा मूत्रमार्ग अवघा चार सेंटिमीटरच्या आसपास लांब असतो, त्यामुळे हा त्रास त्यांच्यात अधिक आढळतो. स्थूलपणा, जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठ त्यात भर घालतात. पुरुषांमध्ये हा प्रकार मुख्यतः प्रोस्टेट ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर दिसतो.

दुसऱ्या प्रकारात पिशवी अवेळी आकुंचन पावते. ती पुरती भरलेली नसते, तरी एकाएकी अशी घाई होते की दाराची कडी काढेपर्यंत धीर निघत नाही. नळाचा आवाज ऐकला किंवा थंड पाण्यात हात घातला तरी असे होते. रात्री दोन-तीनदा उठावे लागते. पुष्कळ स्त्रियांना हे दोन्ही प्रकार एकत्र असतात.

तिसरा प्रकार फसवा आहे. येथे वाट अडलेली असते, किंवा पिशवीत रिकामी होण्याचे बळ उरलेले नसते. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेले वयस्क पुरुष आणि बरीच वर्षे मधुमेह असलेले स्त्री-पुरुष यांच्यात तो आढळतो. पिशवी भरलेलीच राहते आणि वरचे पाणी ओसंडून थेंबथेंब गळते. रोग्याला वाटते की आपल्याला लघवी फार होते. वस्तुतः ती नीट होतच नसते. अशा माणसाने शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आणून घेतली, तर लघवी अजिबात अडण्याचा धोका असतो.

चौथ्या प्रकारात मूत्राशयाचा फारसा दोष नसतो. माणूस वेळेवर पोहोचू शकत नाही, एवढेच. गुडघे आखडलेले असतात, दृष्टी मंद असते, पक्षाघात होऊन गेलेला असतो, किंवा स्मृतिभ्रंशामुळे कोठे जावयाचे हेच लक्षात येत नाही. त्यातच शौचालय परसात असते आणि वाटेवर दिवा नसतो. अशा वेळी अर्धा इलाज सुताराच्या आणि विजेच्या कारागिराच्या हाती असतो.

खाण्यापिण्याचे पथ्य

या दुखण्यात सर्वप्रथम घडणारी चूक म्हणजे पाणी तोडणे. माझ्या आत्याने तेच केले. पाणी कमी प्याल्याने लघवी दाट होते, दाट लघवी मूत्राशयाला टोचते, घाई वाढते, जंतुसंसर्ग होण्याचा संभव वाढतो आणि मलावरोध होतो. मलावरोधाने आतड्यांचा भार मूत्राशयावर पडतो आणि कुंथल्याने आधीच ढिला झालेला बांध अधिक ढिला होतो. म्हणून प्रौढ माणसाने दिवसाकाठी दीड ते दोन लिटर पाणी व इतर पेये अवश्य घ्यावीत. शेतात, उन्हात काम करणाऱ्याला याहून अधिक लागेल. लघवीचा रंग फिकट पिवळा असला, म्हणजे पाणी पुरेसे आहे असे समजावे. हृदयाचे अथवा मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

पाणी किती, याबरोबर केव्हा, हेही पाहावे. एकदम तांब्याभर न पिता दिवसभर थोडे थोडे प्यावे आणि निजण्यापूर्वीचे दोन-तीन तास शक्यतो टाळावे. रात्रीचा त्रास त्याने पुष्कळ कमी होतो.

दुसरे पथ्य चहा-कॉफीचे. त्यांतील कॅफीन मूत्राशयाला उत्तेजित करते. चहा अजिबात सोडा, असे आपल्या लोकांना सांगणे व्यर्थ आहे, हे मी जाणतो. परंतु दिवसाला सहा कप घेणाऱ्याने हळूहळू दोनांवर यावे आणि सायंकाळनंतरचा चहा बंद करावा. बाटलीतील फसफसणारी पेये आणि मद्य यांचेही तसेच आहे. फेणी काय किंवा हुर्राक काय, लघवीही वाढवते आणि तिला थांबविण्याची शुद्धही कमी करते. फार तिखट वा फार आंबट पदार्थांनी काहींना त्रास होतो, सर्वांना नाही. आपल्याला होतो का, हे आठवडाभर तो पदार्थ सोडून प्रत्येकाने स्वतः पडताळून पाहावे.

तिसरे पथ्य पोट साफ ठेवण्याचे. त्यासाठी विकतच्या चूर्णांपेक्षा आपल्या घरातील अन्न पुरेसे आहे. नाचणीचे तिझाण, तांबडी भाजी, कुळीथ, अळसांदे, पेरू, पपई यांत चोथा भरपूर असतो.

चौथी गोष्ट वजनाची. अमेरिकेत ३३८ स्थूल स्त्रियांवर केलेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या गटाला आहार व व्यायाम यांचा सहा महिन्यांचा कसून कार्यक्रम दिला होता, त्या गटातील स्त्रियांचे वजन सरासरी आठ टक्के घटले आणि आठवड्यातून लघवी सुटण्याच्या वेळा ४७ टक्क्यांनी कमी झाल्या. केवळ माहिती दिलेल्या दुसऱ्या गटात ही घट २८ टक्के होती. सत्तर किलो वजनाच्या बाईने साडेपाच किलो उतरविले तर एवढा फरक पडू शकतो, असा याचा अर्थ. आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना वेगळे काय सांगावे? त्यांचा खोकला दिवसातून पन्नास वेळा त्या बांधावर धक्का देत असतो.

बिनखर्चाचा व्यायाम

आता व्यायामाकडे वळू. ढिला झालेला बांध पुन्हा बळकट करता येतो. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली यासाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम वैद्यकीय जगापुढे मांडला आणि आजही पहिल्या प्रकारच्या त्रासावर डॉक्टर आधी हाच उपाय सुचवितात. आपल्या हठयोगात मूलबंध सांगितला आहे, त्यातही हेच स्नायू आवळले जातात. तेव्हा योगाभ्यास केलेल्यांना ही क्रिया परकी वाटणार नाही.

प्रथम योग्य स्नायू ओळखावयाचे. चारचौघांत बसलेले असताना वायू सरू पाहतो आणि आपण तो रोखून धरतो, तेव्हा जे स्नायू आवळले जातात तेच हे. स्त्रियांनी त्याच वेळी लघवीची वाटही आत वर ओढल्यासारखी करावी. पोट, मांड्या व नितंब सैल ठेवावेत आणि श्वास कोंडू नये. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळता कामा नये. कळले, तर भलतेच स्नायू आवळले जात आहेत असे समजावे.

सुरुवातीस उताणे निजून, गुडघे वाकवून करावे. आवळून तीन-चार आकडे मोजावेत, सोडून तितकेच मोजावेत. स्नायूंना बळ येईल तसे हळूहळू दहा आकड्यांपर्यंत जावे. असे निदान आठ वेळा केले म्हणजे एक पाळी झाली. दिवसातून अशा तीन पाळ्या कराव्यात. शेवटी चार-पाच वेळा झटपट आवळून सोडावे. सवय झाली म्हणजे बसून, उभ्याने, चुलीपुढे, बसच्या प्रवासात कोठेही करता येते. लघवी करताना धार मध्येच तोडून हा व्यायाम करण्याची सवय मात्र लावून घेऊ नये. त्याने मूत्राशय नीट रिकामे होत नाही.

याबरोबर एक युक्ती शिकून घ्यावी. शिंक अथवा खोकला येत आहे असे वाटताच, किंवा कळशी उचलण्यापूर्वीच, ते स्नायू आवळून धरावेत. पाणी येण्याआधी दार लावणे, एवढाच याचा अर्थ.

गुण किती दिवसांनी येतो? निदान तीन महिने नेमाने केल्याशिवाय निर्णय देऊ नये. भाताचे पीक हाती येण्यास याहून अधिक दिवस लागतात आणि आपण पेरणीच्या दुसऱ्या दिवशी कणसे शोधीत नाही. हे स्नायू आपल्याला नीट आवळता येत नाहीत असे वाटले, तर संकोच न करता परिचारिकेकडून अथवा व्यायामोपचारतज्ज्ञाकडून शिकून घ्यावे. बाळंतिणींना तर हा व्यायाम दवाखान्यातून घरी जाण्यापूर्वीच शिकविला गेला पाहिजे. येथे उपस्थित असलेल्या परिचारिका आणि अंगणवाडी सेविका यांना माझी ही पहिली विनंती आहे.

मूत्राशयाला वळण

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे एकाएकी घाई होण्यात, मूत्राशयाला वळण लावावे लागते. प्रथम तीन दिवस एका वहीत टिपून ठेवावे : काय व किती प्यालो, लघवीस कितीदा गेलो, केव्हा सुटली. ही वही डॉक्टरांना फार उपयोगी पडते. समजा, तासातासाने जावे लागते असे दिसले. तर पहिल्या आठवड्यात सव्वा तासाने जाण्याचा नेम ठेवावा, पुढच्या आठवड्यात दीड तासाने, असे वाढवीत तीन तासांपर्यंत आणावे. मध्येच घाई झाली तर धावू नये. शांत उभे राहावे किंवा बसावे, खालचे स्नायू पाच-सहा वेळा आवळावेत, मन दुसरीकडे वळवावे. लाट ओसरली म्हणजे मग सावकाश जावे. निदान सहा आठवडे हे करून पाहावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

खरे म्हणजे लघवी सुटू लागली की एकदा तरी दाखवावे. मधुमेह, जंतुसंसर्ग अथवा मुतखडा ही कारणे साध्या तपासण्यांनी कळतात. लघवी व रक्तातील साखर तपासतात, आणि लघवी केल्यानंतर पोटात किती उरते ते सोनोग्राफीने पाहतात. काही वेळा दोष चालू औषधांचा असतो. रक्तदाबासाठी दिलेल्या काही गोळ्या लघवी वाढवितात, तर झोपेच्या गोळ्यांनी जाग वेळेवर येत नाही. अशी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. तिची वेळ अथवा प्रकार बदलता येईल का, ते डॉक्टरांना विचारावे.

मात्र काही खुणा दिसल्या तर एक दिवसही थांबू नये. लघवीतून रक्त जाणे. थंडी वाजून ताप येणे. लघवी अडून पोट फुगणे. पाठदुखीबरोबर पायांतील बळ जाणे किंवा दोन्ही मांड्यांमधील भाग बधिर होणे, या त्या खुणा होत. तसेच अडलेल्या बाळंतपणानंतर किंवा गर्भपिशवी काढल्यानंतर रात्रंदिवस सतत लघवी गळत असेल, तर आत छिद्र पडलेले असू शकते. त्यावर व्यायामाने गुण येत नाही; शस्त्रक्रियेने ते बंद करता येते. अशा स्त्रियांना घरच्यांनीच दूर लोटल्याची उदाहरणे देशोदेशी आहेत. त्यांना दूर न लोटता शस्त्रवैद्याकडे नेणे, हे कुटुंबाचे कर्तव्य आहे.

पथ्य व व्यायाम यांनी पुरता गुण आला नाही, तर औषधे आहेत. अवेळी आकुंचन पावणारे मूत्राशय शांत करणाऱ्या गोळ्या मिळतात. त्यांतील काहींनी तोंडाला कोरड पडते, मलावरोध होतो आणि वृद्धांना भ्रम होण्याचा संभव असतो. काचबिंदूच्या रोग्यांनी तर त्या विचारल्याविना घेऊच नयेत. पाळी गेलेल्या स्त्रियांना योनिमार्गात लावण्याचे संप्रेरकाचे मलम उपयोगी पडते. पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढली असेल तर तिच्यासाठी निराळी औषधे आणि शस्त्रक्रियाही आहेत. अंग खाली उतरले असेल तर आधारासाठी आत बसवावयाची कडी मिळते. बांध फारच ढिला असेल तर मूत्रमार्गाखाली पट्टीचा आधार देण्याची शस्त्रक्रिया करतात. कृत्रिम धाग्याची पट्टी ताण न देता बसविण्याची पद्धत स्वीडनमधील डॉ. उल्फ उल्मस्टेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली मांडली. तिचा अनेकींना लाभ झाला. काहींना पट्टीचा दीर्घकाळ त्रासही झाला. म्हणून लाभ व धोका दोन्ही डॉक्टरांकडून समजून घेऊन मगच संमती द्यावी. तज्ज्ञांचा सल्ला लागल्यास आपले आरोग्य केंद्र बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे पाठवू शकते.

घर, शाळा आणि कचेरी

आता उपचाराबाहेरच्या, पण तितक्याच महत्त्वाच्या गोष्टी. घरातील वृद्ध माणूस रात्री घाईने उठतो, अंधारात अडखळतो आणि खुब्याचे हाड मोडून घेतो. त्याच्या खाटेपासून शौचालयापर्यंत वाट मोकळी ठेवावी, दिवा असावा, भिंतीला धरावयास दांडी असावी. वाट लांब असेल तर खाटेजवळ खुर्चीचे भांडे ठेवावे. स्मृतिभ्रंश झालेल्यांना दर दोन-तीन तासांनी आपण होऊन विचारून घेऊन जावे. लंगोट वापरावे लागले तर ते तासन्‌तास अंगावर राहू देऊ नये. त्वचा धुऊन कोरडी करावी. आणि या सर्वांपेक्षा मोठे पथ्य आपल्या जिभेचे. "पुन्हा भिजवलेस?" हा एक शब्द त्या माणसाला कायमचा मुका करतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, करंगळी वर करून उभ्या राहिलेल्या मुलाला "थांब, तास संपू दे" असे आपण किती वेळा म्हणतो, याचा विचार करावा. शाळेतील शौचालय अस्वच्छ असले की मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दिवसभर लघवी कोंडून धरतात. जंतुसंसर्ग आणि मलावरोध यांची सुरुवात तेथेच होते. पाच वर्षांपर्यंत मुलाने अंथरूण ओले करणे ही सामान्य गोष्ट आहे. त्यापुढेही ते चालू राहिले तर तो आळस अथवा खोडी नव्हे. त्याला मारू नये, इतर मुलांपुढे लाजवू नये, डॉक्टरांना दाखवावे. त्यावरही उपाय आहेत.

अधिकारी वर्गाला एकच विनंती. आपल्या कचेरीत दाखल्यासाठी अथवा निवृत्तिवेतनासाठी वृद्ध स्त्री-पुरुष दोन-दोन तास रांगेत उभे असतात. तेथील शौचालयाला कुलूप असते आणि किल्ली कोणाकडे असते ते कोणालाच ठाऊक नसते. ते कुलूप काढावे. त्यासाठी वेगळ्या आदेशाची वा तरतुदीची गरज नाही.

शेवटी आत्याविषयी. जंतुसंसर्ग बरा झाल्यावर परिचारिकेने तिला व्यायाम शिकविला. पहिला महिना तिला काही फरक वाटला नाही आणि तिने तो जवळजवळ सोडलाच होता. सुनेने रोज आठवण करून दिली म्हणून टिकला. चौथ्या महिन्यात ती देवळात भजनाला जाऊ लागली. तिचे दुखणे समूळ गेले, असे मी म्हणणार नाही. लांबच्या प्रवासात ती अजून कापडाची घडी घेते आणि मांडावर मध्यरात्रीपर्यंत थांबत नाही. परंतु गेल्या पौषात ती मांडावर गेली, पुढच्या रांगेत उभी राहिली आणि तिने पहिले गीत उचलले. ज्या सुनेशी बिनसल्याचा संशय आम्ही घेतला होता, तीच तिच्या शेजारी उभी होती.

ग्रामस्थहो, आपल्या घरातही कोणी मांडावर जाणे, जत्रेला जाणे, माहेरी जाणे कारण न सांगता सोडले असेल. आज घरी गेल्यावर त्या माणसाजवळ बसा आणि परिचारिकेने विचारला तो प्रश्न हळू आवाजात विचारा. उत्तर "होय" असे आले, तर उद्या सकाळी आरोग्य केंद्र उघडेच आहे.